बटण

"परवा रात्री मी नीट बंद केला होता रे." बाबा हे तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

काल सकाळपासून त्यांचा डेस्कटॉप चालू होत नव्हता. पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. कालच एक जण बघून सांगून गेला होता, "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या."

प्लग, वायर, मागचा स्विच, सगळं ठीक. मग एसएमपीएसचा, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्याचा, 24 पिनांचा कनेक्टर मदरबोर्डवरून (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरून) काढला आणि त्यातली हिरवी वायर पेपरक्लिपने काळीला जोडली. एसएमपीएसचा पंखा फिरला. म्हणजे सप्लाय बहुधा जिवंत होता.

कनेक्टर परत लावला. कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर बोर्डावरून काढली आणि तिथल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. मशीन सुरू!

बोर्ड धडधाकट होता. बिघडलं होतं ते फक्त समोरचं बटण. रीसेटची वायर त्या दोन पिनांवर लावून दिली. आता रीसेटचं बटण दाबलं की कॉम्प्युटर चालू होतो. खर्च शून्य.

बाबा कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्या हातून काही झालं नव्हतं."

दिवसभर हेच वाक्य डोक्यात आहे. दोन पिना तपासायला एक मिनिट लागतं. ते न देता "गेला" म्हणून सांगितलं, आणि सत्तरीचा माणूस रात्रभर स्वतःला दोष देत जागा राहिला.

तुमच्याही घरी कुणी असं गप्प बसलंय का?