जुना हाय-एंड सीडी प्लेयर घेताय? आत लेझर कुठला ते विचारा

हल्ली कोणी ना कोणी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतं, मॅरँट्झचा सोनेरी प्लेयर, जपानहून आलाय, घेऊ का? आणि सोबत डॅकचं, म्हणजे डिजिटल सिग्नलचा आवाज करणाऱ्या चिपचं कौतुक, टीडीए1541ए आहे वगैरे. अहो डॅक चिप सहसा मरत नाही, मरतो तो लेझर, आणि तो गेला नि स्पेअर मिळाला नाही की लाखाचे बारा हजार.

म्हणून माझा पहिला प्रश्न एकच, मेकॅनिझम, म्हणजे डिस्क फिरवणारा आणि लेझरने वाचणारा भाग, कुठलं? स्वतःचं बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच, बाकी महागडे ब्रँडसुद्धा फिलिप्स नाहीतर सोनीकडून घ्यायचे. मॅरँट्झ सीडी-94 मध्ये फिलिप्सचं सीडीएम-1 आहे, ओतीव धातूचं, काचेची लेन्स, आणि लेझर रुळावर न सरकता आर्मवर कमानीत फिरतो, म्हणजे स्लेडचे (लेझर सरकवणाऱ्या गाड्याचे) गिअर झिजायची भानगडच नाही. ऐंशीच्या दशकातले पीस अजून धडधाकट वाजतायत. उलट फिलिप्सचंच सीडी-प्रो2 मेकॅनिझम नंतर कितीतरी भारी प्लेयरमध्ये गेलं, फिलिप्सने ते बंद केलं आणि आता ओरिजिनल शोधताना नाकी नऊ येतात. सोनीचा केएसएस-213 लेझर मिळतो सहज, पण त्यात कॉपी माल एवढा आहे की डोळे झाकून घेऊ नका.

विकणारा त्याची चकाचक सीडी लावून दाखवतो, त्यावरून काहीही कळत नाही. सीडीतलं एरर करेक्शन साधारण अडीच मिलिमीटर लांबीचा गॅपसुद्धा बेमालूम भरून काढतं, त्यामुळे अर्धमेला लेझरही तोऱ्यात वाजतो. आपली डिस्क न्या, सत्तर मिनिटांच्या वरची, आणि थेट शेवटचा ट्रॅक लावा, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि डिस्क वाकडी असेल तर कडेलाच जास्त डुलते. मग एक घरी बर्न केलेली सीडी-आर लावा, ती प्रकाश कमी परत पाठवते, थकलेला लेझर बरेचदा तिथेच गचके खातो. थंड मशीनवर बघा, तासभर वाजवून तापल्यावर परत बघा, चहा मागवा, घाई करू नका.

आता सगळ्यात हलकट प्रकार. पिकअपवर, म्हणजे लेझरच्या युनिटवर, एक बारीक प्रीसेट (स्क्रूने फिरवायचं बटण) असतो, तो फिरवून लेझरचा करंट वाढवतात, मग थोडे दिवस प्लेयर एकदम जवान आणि नंतर कायमचा गार. झाकण उघडू देत असतील तर त्या प्रीसेटच्या खाचेवर टॉर्च मारा, स्क्रू-ड्रायव्हरचे ताजे ओरखडे दिसले की नमस्कार करून निघा.

ट्रे अडकतो? बहुतेक वेळा बेल्ट सैल झालेला असतो, स्वस्तात होतं काम, भाव पाडायला उत्तम कारण. आणि डिस्क वाचत नाही म्हणजे लेझर गेला असंही नाही, फिलिप्स सीडी-104 मध्ये सर्किट बोर्डाच्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या जॉइंटना तडे जायचे, नीट सोल्डर केलं की मशीन उठून बसायचं. असा 'डेड' पीस भंगाराच्या भावात मिळाला तर मी तरी सोडणार नाही.

जपानी पीस असेल तर मागचं लेबल वाचा. 100 व्होल्ट लिहिलेलं असताना आपल्या 230 वर सरळ लावला तर निदान फ्यूज आणि नशीब खराब असेल तर ट्रान्सफॉर्मर, त्यामुळे स्टेप-डाऊनचा (230 चे 100 व्होल्ट करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) खर्च किमतीत धरूनच बोलणी करा, आणि विकणारा तो स्टेप-डाऊन सोबत देत असेल तर तो किती वॅटचा आहे तेही बघून घ्या.