रस घालायचाच नाही

"संत्र्याची बटर बिस्किटं करायची आहेत, रस किती घालू?" किंवा "स्ट्रॉबेरीचा गर घातला, पीठ सुंदर गुलाबी झालं, पण बिस्किटं पावासारखी मऊ झाली, असं का?" फळं बदलतात, प्रश्न तोच राहतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते. उत्तर एवढंच आहे की बिस्किटाच्या पिठात रस घालायचा नाही आणि गरही नाही. फळाची चव आणायची, पण त्याचं पाणी बाहेर ठेवायचं. बाकी सगळं यातूनच निघतं.

बटर बिस्किट खुसखुशीत होतं ते बटर मैद्याच्या कणाकणाला चोपडलं जातं म्हणून. मैद्याला पाणी मिळालं आणि वर आपण तो मळला की ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं ताणलं जाणारं जाळं, तयार होतं. पोळीला, पावाला ते हवंच असतं, पण बिस्किटाला ते चिवट करतं. बटरमध्ये मुळात 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणजे 200 ग्रॅम बटरबरोबर 30 मिलीच्या वर पाणी पिठात आलेलंच असतं आणि तेवढं पीठ एकत्र यायला पुरतं. त्यात पाव कप, म्हणजे 60 मिली, संत्र्याचा रस ओतलात तर 50 मिलीच्या वर नुसतं पाणी वाढलं. पीठ हाताला चिकटतं, म्हणून वर मैदा घातला जातो, मैद्याने बटरची चव बुजते, आणि ओव्हनमध्ये कडा लाल झाल्या तरी मधला भाग ओलाच राहतो. एवढं करून संत्र्याची चव लागते का? फार नाही. रसात असतो आंबटगोडपणा. ज्या वासाने आपल्याला संत्रं ओळखू येतं, तो असतो सालीतल्या तेलात.

प्रमाण वजनाने धरा: 300 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम बिनमिठाचं बटर, 100 ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा मीठ. तीन, दोन, एक, लक्षात ठेवायला सोपं. बटर खारं असेल तर मीठ वगळा. कपाने मोजू नका. मैदा हलक्या हाताने भरला की दाबून, यावर एका कपात 120 ग्रॅमही बसतो आणि 150 ग्रॅमही, आणि या बिस्किटात एवढ्या फरकाने सगळं बिघडतं. अंडं, बेकिंग पावडर, सोडा, काहीही लागत नाही.

आता साल. या प्रमाणाला दोन मोठी संत्री किंवा तीन लिंबं घ्या. गरम पाण्याने चोळून धुवा आणि पूर्ण कोरडी करा. बारीक किसणीवर फक्त रंगीत थर किसायचा. एका जागी एकदाच किसणी फिरवा आणि फळ पुढे सरकवा. पांढरा भाग दिसला की तिथे थांबायचं, कारण तो कडू असतो आणि भाजल्यावर हा कडूपणा जात नाही. हा कीस मैद्यात टाकू नका. पिठीसाखरेत घाला आणि बोटांच्या टोकांनी दोन मिनिटं चुरा. साखर हळूहळू ओलसर होते, तिला फिकट पिवळा किंवा केशरी रंग येतो, आणि वास असा भपकन येतो की काम झालं हे सांगावं लागत नाही. साखरेच्या कणांनी सालीतलं तेल बाहेर काढलेलं असतं. पुढे ते बटरमध्ये विरघळतं आणि फळाचा वास भाजेपर्यंत धरून ठेवायला बटरसारखं दुसरं काही नाही. ही दोन मिनिटं कुणी वाचवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

बटर मऊ हवं, वितळलेलं नको. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोटाला तेलकट चकाकी येऊ नये. साधारण 18 ते 20 अंश सेल्सियसला ते असं असतं. साखर आणि मीठ घालून लाकडी चमच्याने मिनिट-दोन मिनिटं एकजीव करा. केकसारखं पांढरंशुभ्र फेटायचं नाही. जास्त हवा भरली की बिस्किटं फुगतात, मग पसरतात. मैदा चाळून एकदम घाला, आधी चमच्याने आणि मग हाताने गोळा करा. मळायचं नाही, दाबून एकत्र आणायचं. मुठीत दाबलेलं पीठ सुटं झालं नाही की थांबा.

स्ट्रॉबेरी, रासबेरी, आंबा यांना साल उपयोगाची नाही आणि स्ट्रॉबेरीत तर 90 टक्क्यांच्या वर पाणी. इथे फ्रीझ-ड्राय केलेली, म्हणजे गोठवून पाणी काढून टाकलेली, फळं वापरा. ती कुरकुरीत असतात, मिक्सरमध्ये लगेच भुकटी होते. भुकटी गाळून बिया काढा आणि ताबडतोब वापरा. हवेतली ओल ती इतक्या झपाट्याने ओढते की तासाभरात गोळे झालेले दिसतात. 25 ग्रॅम भुकटी घालायची आणि मैदा तेवढाच कमी करायचा, म्हणजे 275 ग्रॅम. लाल फळांचा रंग नाजूक असतो. आम्लात तो लाल-गुलाबी राहतो, सोड्याने निळसर-करडा पडतो आणि जास्त आचेवर तपकिरी होतो. म्हणून सोडा मुळीच नको, सायट्रिक आम्ल दोन चिमटी चालेल. त्याने चवही उठते.

बेदाणे, सुके जर्दाळू, सुकी क्रॅनबेरी घालायची तर 70 ग्रॅमपर्यंतच. डाळीच्या दाण्याएवढे तुकडे करा, भिजवू नका. तुकडे मोठे राहिले तर कापताना सुरी अडकते आणि काप तिथेच फुटतो. कडेला बाहेर आलेला तुकडा आत ढकला, नाहीतर तो जळून कडू होतो. इसेन्स वापरलाच तर मैद्यात नाही, बटरमध्ये, आणि थेंबाने मोजून. माझं मत विचाराल तर साल हाताशी असताना त्याची गरज नाही.

पिठाचे दोन भाग करून बटर पेपरवर 4 सेंटिमीटर जाडीच्या गोल वळकट्या करा, गुंडाळा आणि फ्रीजमध्ये एक तास ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी एकदा फिरवा, म्हणजे खालची बाजू चपटी होत नाही. थंड झाल्यावर धारदार सुरीने 7 मिलिमीटरचे काप करा. काप सगळे सारखे हवेत. पातळ काप आधी करपतो, जाड कच्चा राहतो, आणि दोघांची वेळ एकाच ट्रेमध्ये सांभाळता येत नाही.

ओव्हन किमान 15 मिनिटं आधी तापवा. सालीच्या बिस्किटांना 160 अंश आणि 14 ते 16 मिनिटं, लाल फळांच्या बिस्किटांना 150 अंश आणि 18 ते 20 मिनिटं. ओव्हनमधला पंखा चालू असेल तर 15-20 अंश कमी. ट्रे मधल्या कप्प्यात. कडेला हलका सोनेरी रंग आला आणि मधला भाग फिकट असला की काढा. लाल पिठात हा रंग दिसत नाही, तिथे एक बिस्किट उलटून तळ कोरडा झालाय का ते बघा. बाहेर काढल्यावर ती मऊ लागतात आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. मऊ आहेत म्हणून पुन्हा आत ठेवली की थंड झाल्यावर दगड होतात. ट्रेमध्येच पाच मिनिटं राहू द्या, मग जाळीवर.

बिस्किटं पसरली तर बटर फार मऊ होतं, काप फ्रीजमधून काढून बराच वेळ बाहेर राहिले किंवा गरम ट्रेवर दुसरी खेप लावली. घट्ट आणि चिवट झाली तर मळणं जास्त झालं. हात लावताच भुगा होत असेल तर पीठ पुरतं एकत्र आलं नव्हतं किंवा मैदा जास्त पडला.

जॅम भरायचा असेल तर वळकट्या करू नका. 15 ग्रॅमचे गोळे करा, मधे अंगठ्याने खळगा पाडा आणि मग तासभर थंड करा. फ्रीजमधल्या घट्ट गोळ्यावर अंगठा दाबला तर कडा फाटतात आणि जॅम तिथूनच वाहतो. 160 अंशाला दहा मिनिटं रिकामेच भाजा, खळगा फुगला असेल तर चमच्याच्या पाठीने दाबा, मग अर्धा छोटा चमचा जॅम भरून आणखी सहा-सात मिनिटं. पातळ जॅम आधी आटवून घ्या. थंड ताटलीवर थेंब टाकून ताटली तिरकी केली तर तो जागचा हलता कामा नये. ही बिस्किटं दुसऱ्या दिवशी मऊ पडू लागतात. कारण तेच, जॅममधलं पाणी. म्हणून साध्या बिस्किटांबरोबर एका डब्यात ठेवू नका.

आणि साल किसून उरलेल्या संत्र्या-लिंबांचा रस? तो बिस्किटाच्या वर घालायचा. 100 ग्रॅम पिठीसाखर चाळून घ्या आणि रस छोट्या चमच्याने घालत जा, तीन ते चार चमचे पुरतात. मिश्रण चमच्यावरून जाड फितीसारखं पडलं पाहिजे. लिंबाचा रस मला जास्त आवडतो, साखरेला तोच कापतो. बिस्किटं अगदी थंड झालेली हवीत, कोमट असतील तर साखर वितळून आत मुरते. वरची बाजू बुडवा, जादा निथळू द्या आणि जाळीवर ठेवा. बोट लावल्यावर चिकटलं नाही की थरांमध्ये बटर पेपर घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.