तुम्ही विचारलंत म्हणून: ती बरी झाली की नाही?

कोसळण्याचं प्रकरण आठ पानांत आटोपलंत, मग बरं होण्याला दीडशे पानं कशाला? आणि एवढं वाचून ती बरी झाली की नाही ते कळतच नाही! तीव्र नैराश्यातून सावरणाऱ्या बाईवरची माझी कादंबरी वाचलेले लोक हे दोन्ही एका दमात विचारतात. एकदाचं सविस्तर सांगते.

कोसळणं लिहायला सोपं असतं, कारण ते दिसतं. बरं होणं दिसत नाही. पहिल्या खर्ड्यात नैराश्यावरची गोळी सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी माझी नायिका खिडकी उघडते आणि तिला ऊन आवडतं, असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. या गोळ्यांचा त्रास आधी होतो आणि गुण नंतर येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, उडालेली झोप, कधी वाढलेली तगमग. फरक जाणवायला 2 ते 4 आठवडे लागतात, पुरता अंदाज यायला 6 ते 8. आता त्या जागी आंघोळीचं प्रकरण आहे: सोमवारी फक्त टॉवेल काढून ठेवायचा, मंगळवारी पाय धुवायचे, केस गुरुवारी. इच्छा होईल तेव्हा करू म्हटलं तर ती होतच नाही. आधी कृती, मग जमलंच तर इच्छा. प्रकरण रेंगाळतं म्हणता ना? रेंगाळतंच ते.

सगळ्यात जास्त राग तुम्हाला येतो तो तिने गोळ्या बंद केल्याचा. ‘इतकी शहाणी बाई असं करेल?’ शहाणी असते म्हणूनच करते. चौथ्या महिन्यात झोप लागते, कामात लक्ष लागतं, मग औषध कशाला? ती कुणाला न सांगता एका दिवसात थांबवते. इथे मी नैराश्यावरच्या औषधांपैकी मुद्दाम व्हेनलाफॅक्सिन निवडलं, कारण ते शरीरातून लवकर निघून जातं. त्यांतलंच फ्लुओक्सेटिन दिलं असतं तर प्रसंगच उभा राहिला नसता. ते कित्येक आठवडे रेंगाळतं. दुसऱ्या दिवशी तिला गरगरतं. डोळे फिरवले की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. भडक स्वप्नं पडतात, चिडचिड होते. आई म्हणते, ‘आजार उलटला.’ तो उलटलेला नसतो. औषध अचानक तोडल्याचा त्रास काही दिवसांतच येतो, आणि हे झटके मूळ आजारात नव्हतेच. आजार खरंच परततो तेव्हा सहसा हळूहळू झिरपतो: पहाटे चारला जाग, सकाळी छातीवर दगड, संध्याकाळी थोडं हलकं. तिच्या बाबतीत झटके ओसरतात, सगळे सुटलो म्हणतात आणि पाच आठवड्यांनी पहाटेची जाग परत येते. हे दोन त्रास वेगळे आहेत, एवढं कळण्यासाठी मला चाळीस पानं लागली. ती मी कमी करणार नाही.

डॉक्टर तिला रागावत नाहीत. बरं वाटायला लागल्यापुढे निदान 6 ते 9 महिने औषध चालू ठेवायचं आणि मग टप्प्याटप्प्याने उतरवायचं, हे त्या पुन्हा सांगतात. याला कुणी औषधांची जाहिरात म्हणतं. सौम्य नैराश्यात नुसत्या समुपदेशनानेही भागू शकतं. तिचं तीव्र होतं. पण झटक्यांचं वर्णन वाचून एखादा गोळ्या सुरू करायलाच घाबरेल, हा आक्षेप मला अजून खोडता आलेला नाही.

बहीण नायिकेच्या खोलीत झोपायला येते, तेही नायिका सुधारू लागल्यावर, हेही खटकतं तुम्हाला. अंगात बळ आधी येतं, निराशा मागाहून हटते. त्या मधल्या दिवसांत आत्महत्येचा धोका असतो आणि नेमकं तेव्हाच घरचे निर्धास्त होतात. तिच्या मनात काय येतं ते लिहिलंय. ‘कसं’ ते एका शब्दानेही लिहिलं नाही, लिहिणारही नाही.

आता शेवट. नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत सुरुवातीला तिची बेरीज 27 पैकी 23 आहे. शेवटच्या पानावर 6. पाचच्या खाली आली की लक्षणं ओसरली असं धरतात. आधीच्या खर्ड्यात मी 3 लिहिलं होतं. छापायला देताना 6 केलं, आणि अजूनही कधी कधी ते 3 च असायला हवं होतं असं वाटतं.