आज पेशी कमी उतरल्या

आज दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून ग्लिओब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगाच्या, पेशी मोजल्या. बारीक छिद्रांचा पडदा, त्यावर जेलचा थर. या पेशी एमएमपी-२, एमएमपी-९ सारखी प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स, सोडून तो थर पोखरतात नि पलीकडे उतरतात. मेंदूतही अशाच वाट काढत जातात, म्हणून तर दिसणारी सगळी गाठ काढली तरी ती परत येते.

या एन्झाइम्सना रोखणारा इनहिबिटर घातलेल्या पडद्यांवर आज पेशी खूपच कमी होत्या. इतका आनंद झाला! पण लगेच मॅरिमास्टॅट हे असंच एमएमपी रोखणारं औषध आठवलं. रुग्णांमध्ये त्याने आयुष्य वाढलं नाही, सांधे मात्र दुखले. आणि शरीराचाच इनहिबिटर टिम्प-२ एमएमपी-२ला रोखतो, तसा स्वतः थोड्या प्रमाणात असला तर त्याला सक्रिय व्हायला मदतही करतो. हे अजूनही मला थक्क करतं.

उद्या डोस बदलून पुन्हा मोजणार.