हौदातले जुने सात

मासे मरायला लागले की लोक आधी खडेमीठ टाकतात, मग दुकानदाराने दिलेली पिवळी पावडर, मग मिथिलीन ब्लू नावाचं निळं औषध, आणि एवढं सगळं झाल्यावर माझ्यासारख्या माशांच्या डॉक्टरला फोन. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या वाड्यात पोचलो तेव्हा हौद शाईच्या दौतीसारखा निळा झाला होता.

काका निवृत्त प्राध्यापक. उत्तरायणाच्या तोंडावर नातवासाठी वीसेक नवे गोल्डफिश आणून त्यांनी जुन्या सातांत सोडले. आठ-दहा दिवसांत नव्यांतले निम्मे गेले. जुने सात मात्र ठणठणीत, माणूस दिसला की काठाशी येऊन दाणे मागत होते.

काकूंचा ओटा मिळणार नव्हताच. अंगणात वर्तमानपत्र पसरून ताजा मेलेला एक उघडला. कल्ले लालभडक हवेत, ते पार फिकट. प्लीहा सुजलेली, वर पांढरे ठिपके. मूत्रपिंडही फुगलेलं आणि पांढुरकं. माशाच्या हाडांत रक्त बनवणारी मज्जा नसते, त्याचं रक्त तयार होतं मूत्रपिंडात, आणि एक विषाणू नेमका तिथेच घाव घालतो: सायप्रिनिड हर्पिसव्हायरस-२. जपानमध्ये १९९२ साली हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला. कल्ले आणि मूत्रपिंडाचे तुकडे अल्कोहोलमध्ये घालून पीसीआरला, म्हणजे विषाणू शोधणाऱ्या चाचणीला, पाठवले. पुढे रिपोर्ट तोच आला.

पण रिपोर्टची वाट बघत बसलो असतो तर हौद रिकामा झाला असता. पाणी होतं १८ अंशांवर, आणि या विषाणूला १५ ते २५ मानवतं. उरलेले नवे मासे प्लॅस्टिकच्या टाकीत घेतले, हीटर लावले आणि पाणी हळूहळू २९ वर नेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो म्हणून हवेचे पंप दोन. काकांचा जावई म्हणाला, "ताप आलेल्याला आणखी तापवताय?" मासा स्वतः ताप आणू शकत नाही, तो आपण आणून द्यायचा. तिकडे विषाणूची वाढ मंदावते, इकडे माशाची प्रतिकारशक्ती वेग धरते. मरणं थांबली.

टाकीची तयारी चालू असतानाच काका म्हणाले, "अहो डॉक्टर, कोविडमध्ये आमची केली तशी यांचीही अँटिबॉडी टेस्ट करून टाका ना."

माणसाचं किट इथे कुचकामी. ते माणसाची अँटिबॉडी ओळखतं, माशाची नाही. अँटिबॉडीचे प्रकार असतात, त्यातली आपल्यासारखी आयजीजी माशाकडे नसतेच. मुख्य भिस्त आयजीएम या दुसऱ्या प्रकारावर, तीही चार तुकडे जोडून बनलेली, आपली पाच तुकड्यांची. पण संशोधन करणारी एक ओळखीची प्रयोगशाळा तयार झाली. मग त्याच दिवशी जुन्या सातांचं रक्त घेतलं. हे काम मला मनापासून आवडतं. लवंग तेलाच्या पाण्यात मासा कलंडेपर्यंत ठेवायचा, ओल्या फडक्यात गुंडाळायचा, शेपटीच्या देठाशी खालून मधोमध सुई घालायची. टोक मणक्याला टेकलं की केसभर मागे घ्यायचं. दट्ट्या हळू ओढायचा, नाहीतर शीर मिटते. चार-पाच थेंब मिळाले की पुरे. परत पाण्यात सोडल्यावर एकही उलटा तरंगला नाही.

सातही जणांच्या रक्तात भरपूर अँटिबॉडी निघाल्या, आणि तिथूनच माझं डोकं फिरलंय. माणूस जानेवारीत आजारी पडो की मे महिन्यात, अँटिबॉडी साधारण सारख्याच वेगाने बनतात. माशाचं तसं नाही, तिथे घड्याळ पाण्याच्या हातात. १८ अंशांच्या पाण्यात पहिल्यांदा लागण झालेल्या माशाला एवढी पातळी गाठायला कित्येक आठवडे लागतात. नवे येऊन तर दहा दिवसही झाले नव्हते. म्हणजे सातांची या विषाणूशी ओळख जुनी. खोदून विचारल्यावर काकू म्हणाल्या, "दोन वर्षांमागे थंडीत पाच-सहा गेले होते की. गारठा लागला असेल म्हटलं."

मग यंदा रोग आणला कोणी? हर्पिस एकदा शिरला की जात नाही. अँटिबॉडी रक्तातला सुटा विषाणू पकडते. पेशीत दडून बसलेला तिच्या हाती लागत नाही. थंडीच्या ताणाने तो बाहेर पडला असेल आणि सातांनी, स्वतः मजेत राहून, नव्यांना मारलं असेल. त्यांच्या कल्ल्यांचा पीसीआर निगेटिव्ह आला, पण दडलेल्या विषाणूचा तो बऱ्याचदा असाच येतो.

दुसऱ्या बाजूला दुकानदार. "आपणो माल एकदम चोख्खो छे, साहेब." दुकानातल्या टाक्या २८ अंशांवर, तिथे रोगी मासाही निरोगी दिसतो आणि थंड हौदात पडला की बिंग फुटतं. तो लबाड आहे असं मला वाटत नाही. पण नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवायला गिऱ्हाईकाला सांगणं त्याला परवडत नाही, आणि सांगितलं तरी इथे ऐकतं कोण?

एक उपाय आहे. खात्रीचे निरोगी दोन-चार गोल्डफिश पुढच्या थंडीत सातांबरोबर ठेवायचे. मेले तर सात गुन्हेगार. हौदात नवे मासे आणायचे नाहीत आणि सातांची पिल्लं कोणाला द्यायची नाहीत, एवढं काकांनी मान्य केलं. या प्रयोगाला मात्र साफ नकार. "आपल्या कुतूहलापायी नातवासमोर मासे मारायचे?" त्यांच्या जागी मी असतो तर हो म्हटलं असतं का, ते मलाही सांगता येत नाही.