तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरी केवढी घ्यायची?

"सोलरची पॅनेलं ठरलीच आहेत, बॅटरी केवढी घ्यायची तेवढं सांगा." हा प्रश्न मला वर्षानुवर्षं जवळजवळ याच शब्दांत विचारला जातो. उत्तराऐवजी मी चार उलटे प्रश्न विचारले की समोरच्याचा चेहरा पडतो. मी आकडा सांगायचं टाळते, असा समज होऊन बसला आहे. तो दूर व्हावा म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

पॅनेलं आधी ठरली आणि बॅटरी मागाहून ठरवायची, असं होऊच शकत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बॅटरी वीज तयार करत नाही. उलट भरताना आणि रिकामी होताना थोडी वीज तीच खाते. त्यामुळे केवढी बॅटरी घ्यायची याच्या आधी प्रश्न येतो तो हा, की सूर्य मावळल्यापासून पॅनेलं पुन्हा कामाला लागेपर्यंत घर किती युनिट खातं. साधारण चौदा तास धरा. महिन्याच्या बिलातून हा आकडा निघत नाही, कारण बिलात दिवसरात्र एकत्र असते. संध्याकाळी आणि सकाळी मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, आठवडाभर. मीटर नसेल तर कागदावर मांडा.

एक साधं घर घेऊ. फ्रिज चालू-बंद होत सरासरी 40 वॉट घेतो, चौदा तासांचे 0.56 युनिट. जुन्या पद्धतीचे 75 वॉटचे तीन पंखे नऊ तास, 2 युनिट. नऊ वॉटचे आठ दिवे पाच तास, 0.36. टीव्ही आणि राउटर मिळून 0.38. हे झाले 3.3 युनिट. इन्व्हर्टरमधून जाताना आठेक टक्के गळतात, म्हणून 3.6. आता ज्याचा जवळजवळ सगळ्यांना विसर पडतो ते: इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी स्वतः 50 वॉट घेतो, चौदा तासांचे 0.7 युनिट. एकूण 4.3. बॅटरी जुनी होत जाईल तशी तिची क्षमता घटेल, म्हणून पाचवा हिस्सा हातचा ठेवायचा. उत्तर येतं सुमारे साडेपाच युनिट.

लिथियम फेरो फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपीचा, बाजारात सर्रास मिळणारा पॅक 51.2 व्होल्ट आणि 100 अँपिअर-अवरचा असतो, म्हणजे दोन्ही गुणून 5.12 युनिटचा. म्हणजे या घराला एक पॅक अपुरा आणि दोन फार. इथे मी बॅटरीबद्दल बोलणं थांबवते आणि पंख्यांबद्दल बोलते. तेच तीन पंखे 30 वॉटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे, घेतले तर रात्रीचे 1.2 युनिट वाचतात, गरज पावणेचार युनिटवर येते आणि एका पॅकमध्ये काम भागतं. "आम्ही सोलरचं विचारायला आलो आणि तुम्ही पंखे बदलायला सांगता" ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. पण पंखे बदलणं हा बॅटरीच्याच हिशोबाचा भाग आहे, आणि सगळ्यात सोपा भाग आहे.

मी पूर्वी असं सांगत नव्हते. "तीन दिवस ऊन नसलं तरी घर चाललं पाहिजे" हा माझा ठरलेला सल्ला होता. तो का सोडला, हे एका घराच्या बॅटरीबद्दल सांगितल्याशिवाय कळणार नाही.

त्या घराला ग्रिड, म्हणजे वीज कंपनीची लाइन, नव्हतं. रोजचा वापर 6 युनिट, मालकांनी उपकरणागणिक मांडलेला. तीन दिवसांचे 18. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, म्हणून 36 युनिटची बँक, म्हणजे एकत्र जोडलेल्या सेलचा संच: दोन व्होल्टचे 24 ट्यूब्युलर सेल, 48 व्होल्ट, 750 अँपिअर-अवर. छतावर 2 किलोवॅटची पॅनेलं. दिवसाला साडेचार तास पूर्ण ताकदीच्या उन्हाइतका प्रकाश धरला, त्यातून उष्णता, धूळ, वायर यांचे पाव हिस्सा वजा केले, तर 6.75 युनिट. लागतात सहा, येतात पावणेसात. कागदावर जमलं.

त्या कागदावर इन्व्हर्टर नव्हता. 50 वॉट, चोवीस तास, म्हणजे 1.2 युनिट रोज. लेड-अ‍ॅसिडमध्ये जितकी वीज भराल त्यातली पंधरा-वीस टक्के परत मिळत नाही, तेही नव्हतं. म्हणजे हिशोब पहिल्या दिवसापासून तुटीचा होता. पण सुरुवातीचे महिने कडक उन्हाचे होते, साडेपाच तासांचे, त्यामुळे तूट दिसली नाही. ऊन उतरल्यावर रोज दीडदोन युनिट कमी पडू लागले, तरीही दिसली नाहीत. कारण बँक प्रचंड होती. लहान बॅटरी असती तर दुसऱ्याच रात्री दिवे गेले असते आणि कोणीतरी विचारलं असतं. या बँकेने ती तूट दिवसचे दिवस गिळली.

मग रात्री इन्व्हर्टर बंद पडायला लागला. त्यांनी जनरेटर आणला आणि अंधार झाला की तास-दीड तास चालवला, दिवे लागण्यापुरता. इथेच खरं नुकसान झालं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी वापरली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच पूर्ण चार्ज केलं तर ते परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे अर्धवट चार्जवर ठेवलं तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि प्लेटेचा तेवढा भाग कामातून जातो. शेवटचे वीस टक्के भरायला तासन्‌तास लागतात, आणि नेमके तेच तास त्या बँकेला कधी मिळत नव्हते.

नवव्या महिन्यात हायड्रोमीटर, म्हणजे सेलमधल्या आम्लाची घनता मोजायची नळी, लावला तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारचे चार, दिवसभर स्वच्छ ऊन, इन्व्हर्टरच्या पडद्यावर बॅटरीच्या पाचही हिरव्या पट्ट्या पेटलेल्या. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये विशिष्ट घनता 1.265 च्या आसपास दिसते. काचेच्या नळीतला तरंगक 1.190 ला थांबला. पुढच्या सेलला 1.185. पाच सेलना 1.160. म्हणजे जेमतेम निम्मी भरलेली बँक, काही सेल तर पावावर. पडदा खोटं दाखवत होता, कारण तो फक्त व्होल्टेज बघत होता, आणि चार्जिंग चालू असताना व्होल्टेज नेहमीच चढलेलं दिसतं. शिवाय 2 किलोवॅटमधून फार तर 40 अँपिअर येत होते. 750 च्या बँकेला साधारण दहा टक्के, म्हणजे 75 अँपिअर, हवेत. करंट कमी, त्यामुळे बुडबुडे नाहीत, बुडबुडे नाहीत म्हणून आतलं आम्ल ढवळलं जात नाही, जड आम्ल तळाशी बसतं आणि प्लेटा खालून लवकर खराब होतात.

जनरेटर जोडून 62 व्होल्टला सहा तास इक्वलायझेशन केलं, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सेल उकळवले. घनता 1.225 पर्यंत चढली आणि तिथेच थांबली. ते पाच सेल हललेच नाहीत. चौदाव्या महिन्यात बँक काढून टाकावी लागली. बॅटरी निकृष्ट निघाली असं मालकांचं म्हणणं होतं आणि विकणाऱ्याशी त्यांचा वादही झाला. दोष बॅटरीत नव्हता, माझ्या हिशोबात होता. हे त्यांना सांगायला मी दोन भेटी लावल्या. पहिल्या भेटीत मी म्हणाले होते की वापराची यादी तुम्हीच दिली. यादी त्यांची होती हे खरंच आहे. पण इन्व्हर्टरचा स्वतःचा खप त्यांनी मोजावा ही अपेक्षा कुठल्या हक्काने करायची?

तेव्हापासून मी उलट क्रमाने जाते. वर्षातला सगळ्यात कमी उन्हाचा महिना घ्यायचा. त्या महिन्यात 3 तासांचं ऊन असेल आणि इन्व्हर्टर धरून रोजची गरज 7 युनिट असेल, तर 7 भागिले 3, भागिले 0.75 (तोच पाव हिस्सा वजा), म्हणजे 3.1 किलोवॅट. 550 वॉटची सहा पॅनेलं. बाकीच्या महिन्यांत वीज जास्त होईल, होऊ द्या. तीन दिवसांच्या साठ्याचा नियम पॅनेलं फार महाग होती त्या काळात शहाणपणाचा होता. आता ढगाळ दिवशीही थोडंफार देणारं एखादं जास्तीचं पॅनेल, वर्षातून चार वेळा वापरल्या जाणाऱ्या बॅटरीपेक्षा जास्त कामाला येतं.

मग लेड-अ‍ॅसिड घ्यायचीच नाही का? तिथे एलएफपी असती तर तूट तशीच राहिली असती, पण बॅटरी मेली नसती, कारण अर्धवट चार्जवर राहणं एलएफपीला सोसतं. तिचे हट्ट वेगळे. शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. आणि साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांदरम्यान तिचं व्होल्टेज जेमतेम हलतं, म्हणून व्होल्टेज बघून किती उरली ते सांगता येत नाही. आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा शंट लागतोच. लेड-अ‍ॅसिड घेणार असाल तर लेबलवर सी10 आहे की सी20 ते वाचा. वेगाने उपसली की बॅटरी कमी देते, हे पॉइकर्टने 1897 मध्येच मांडलं. सी20 ला 150 अँपिअर-अवर याचा अर्थ साडेसात अँपिअरने वीस तास. 50 अँपिअर खेचले तर तीन तास मिळणार नाहीत, बरेच कमी मिळतील.

दुसरी तक्रार अशी येते: "युनिट पुरतात, तरी मोटर लावली की घर बंद पडतं." युनिट म्हणजे साठा, किलोवॅट म्हणजे एका वेळी किती देऊ शकते ते. 5 किलोवॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर एका 51.2 व्होल्टच्या पॅककडून शंभराहून जास्त अँपिअर मागतो. अनेक पॅकचा बीएमएस, म्हणजे आतलं संरक्षक सर्किट, शंभरलाच तोडतो, आणि मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. दोन पॅक समांतर लावा, नाहीतर मोटर उन्हातच चालवा. मी बहुतेकांना मोटर उन्हात चालवायलाच सांगते.

ग्रिडवर असणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की साध्या ऑन-ग्रिड इन्व्हर्टरवर, ग्रिडची वीज गेली की भर दुपारी छतावरची वीजही बंद होते. हा बिघाड नसतो. तारेवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छताचा झटका बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. वीज गेल्यावर घर चालवायचं असेल तर ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि तीही फक्त आवश्यक उपकरणांची वेगळी लाइन काढून. वीज क्वचित जाते आणि जास्तीची वीज ग्रिडला देऊन पूर्ण मोबदला मिळतो अशा घराला बॅटरी घेऊच नका असं मी सांगते, मग कोणी कितीही नाराज होवो.

पॅनेलं जोडताना होणारी एक चूक इन्व्हर्टरच जाळते. उघड्या टोकांना 50 व्होल्ट देणारी दहा पॅनेलं सिरीजमध्ये लावली आणि इन्व्हर्टरची मर्यादा 500 आहे, म्हणून लोक निर्धास्त राहतात. तो आकडा 25 अंशांचा असतो. थंडीत व्होल्टेज वाढतं, अंशाला सुमारे 0.28 टक्के. शून्य अंशाच्या स्वच्छ पहाटे तेच 535 होतं. उष्णतेत उलट, पॅनेल 60 अंशांना पोचलं की वॉट दहा-बारा टक्के घटतात. डीसीच्या, म्हणजे पॅनेल-बॅटरीच्या, बाजूला एसीचा, म्हणजे घरातल्या विजेचा, फ्यूज लावू नका. डीसीत करंट एसीसारखा शून्यावरून जात नाही, त्यामुळे ठिणगी आपोआप विझत नाही.

तरीही जुन्या सल्ल्याशी माझा वाद मिटलेला नाही. ज्या घरात कोणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहे तिथे काय करायचं? 350 वॉट, चोवीस तास, म्हणजे रोज 8.4 युनिट, आणि ते दहा मिनिटंही बंद पडून चालत नाही. तिथे "जास्त पॅनेलं लावा, बॅटरी रात्रीपुरती ठेवा" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मी त्या मशीनसाठी वेगळा छोटा इन्व्हर्टर आणि वेगळी बॅटरी सुचवते, दोन रात्रींची, शिवाय जनरेटर आणि ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर. दोनच रात्री का, तीन का नाही, असं एका मुलाने आईसाठी विचारलं तेव्हा मी तीन लिहून दिल्या, आणि पॅनेलंही त्याच प्रमाणात वाढवायला लावली.