मुसोलिनीच्या गाड्या आणि तारखांचा हिशोब

नागपूर स्टेशनवर गाडी दोन तास लेट झाली की बाकावरून हमखास ऐकू येतं, "मुसोलिनीसारखा माणूस पाहिजे, त्याच्या काळात गाड्या टायमावर धावायच्या." असा दावा कानावर आला की पहिल्यांदा काम सुरू झाल्याची तारीख काढावी, उद्घाटनाची नव्हे.

फासिस्ट हुकूमशहा मुसोलिनी इटलीचा पंतप्रधान झाला ऑक्टोबर १९२२ मध्ये. पहिल्या महायुद्धात खिळखिळ्या झालेल्या रेल्वेची दुरुस्ती त्याच्या आधीच सुरू झाली होती. बोलोन्या ते फ्लॉरेन्स हा नवा मार्ग त्याच्या राजवटीत, १९३४ मध्ये खुला झाला. काम १९१३ पासूनचं. परदेशी प्रवाशांच्या मुख्य गाड्या जपल्या जायच्या, आडमार्गावरच्या रखडायच्या, आणि त्याबद्दल छापायची वर्तमानपत्रांना मुभा नव्हती. इटलीला पेन्शन त्यानंच दिलं, या दाव्याचंही तेच. म्हातारपणाचा सक्तीचा विमा १९१९ चा. १९३३ मध्ये तो विमा चालवणाऱ्या संस्थेच्या नावात 'फासिस्ट' शब्द घुसला आणि श्रेय फिरलं.

रोमवर चाल करून सत्ता जिंकली, हीसुद्धा रचलेलीच कथा. ती चाल रोखण्यासाठीच्या आणीबाणीच्या हुकमावर राजाने सही नाकारली आणि मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या रेल्वेने आला. पुढे रोममधल्या पालाझ्झो व्हेनेझिया या वाड्यातल्या त्याच्या कचेरीचा दिवा रात्रभर जळता ठेवत, नेता झोपत नाही असं लोकांना वाटावं म्हणून.

१९४५ मध्ये तो मारला गेल्यावर मिथकानं कूस बदलली: माणूस बरा होता, हिटलरच्या संगतीनं बिघडला. मला हे सगळ्यात घातक वाटतं, कारण त्यात मेलेल्यांची गणतीच पुसली जाते. इथेही तारखाच लावून पाहा. जर्मनीशी लष्करी युतीचा 'पोलादी करार' १९३९ चा. विरोधी खासदार मात्तेओत्तीचा खून १९२४ चा. इथिओपियात विषारी वायू १९३५-३६ मध्ये वापरला. इटलीच्या संरक्षण खात्यानं तो कबूल केला थेट १९९६ मध्ये.

नागपूरचे हिंदू महासभेचे पुढारी डॉ. बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ रोजी त्याच पालाझ्झो व्हेनेझियात मुसोलिनीला भेटले. त्यांनी तिथल्या मुलांच्या फासिस्ट बालिल्ला संघटनेचं शिक्षण पाहिलं आणि डायरीत कौतुकानं नोंदवलं. आपल्याकडे या भेटीवर आजही वाद होतात, पण त्या तारखेच्या शेजारी इटलीच्या ताब्यातला लिबिया कोणी ठेवत नाही. त्याच मार्चमध्ये तिथल्या सायरेनैका भागातले हजारो लोक, बायकामुलं आणि गुरांसकट हाकलून आणलेले, इटालियन छावण्यांच्या तारेआड उपाशी मरत होते. सप्टेंबरात त्यांचा सत्तरीतला म्होरक्या उमर मुख्तार फासावर गेला.